जमिनीला बारा वर्षे, देहाला सहा महिने

तुमच्या शेतात कुणी घुसला आणि नांगर घालून बसला, तर त्याच्याकडून ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावायला कायदा तुम्हाला बारा वर्षे देतो. जमीन गहाण असेल तर सोडवून घ्यायला तीस वर्षे. सरकारला तुमच्यावर दावा करायचा असेल तर त्यालाही तीस. कुणाला उसने दिलेले पैसे वसूल करायचे तर तीन. आणि ट्रकचे चाक तुमच्या पायावरून गेले तर? १ एप्रिल २०२२ पासून कायद्याच्या पुस्तकात तुमच्या नावावर आहेत सहा महिने.

पहिले सगळे आकडे १९६३ च्या मुदत कायद्यातले, ज्याला सरकारी मराठीत परिसीमा अधिनियम म्हणतात. शेवटचा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मधला. वकिलीच्या अभ्यासक्रमात हे दोन कायदे वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात, त्यामुळे ते शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय कुणाला लागत नाही. आपण ठेवून पाहू. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याला कायदा सवडीने ये म्हणतो. ज्याच्याकडे देहाखेरीज काही नाही त्याच्यामागे घाई लावतो. या देशात सातबारा कुणाच्या नावावर निघतो आणि अंग झिजवून कोण खातो, हे या पानाच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

सहा महिन्यांची ही अट पूर्वापार चालत आलेली आहे असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती होती, पण योग्य कारण दाखवले तर बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेण्याची मुभाही होती. १९९४ मध्ये संसदेने ती अट साफ काढून टाकली. त्यानंतर सत्तावीस वर्षांहून अधिक काळ अपघातग्रस्ताला मुदतीच्या नावाखाली दारातून परत पाठवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने अट परत आणली. परत आणताना विलंब माफ करण्याची जुनी खिडकी मात्र आणली नाही. म्हणजे २०१९ चा कायदा १९८८ च्या कायद्यापेक्षाही कठोर निघाला. रस्ता सुरक्षेचा मोठा सुधारणा कायदा म्हणून त्याची वाहवा झाली. दंड किती वाढले यावर टीव्हीवर चर्चा झडल्या. या एका ओळीवर झडलेली चर्चा मला तरी आठवत नाही.

आता हे सहा महिने कुणाच्या आयुष्यात कसे पडतात ते बघा. बीडची ऊसतोड टोळी दसरा-दिवाळीला घर सोडते आणि पाडव्याच्या आगेमागे परतते. त्यात दलित आहेत, वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत, भूमिहीन मराठाही आहेत. कारखाना पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात. रात्री ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि एका बाईची मांडी मोडली, तर पुढे काय होते? तालुक्याचे हॉस्पिटल, तिथून सिव्हिल, मग प्लेट बसवायला पैसे नाहीत म्हणून पुन्हा थांबणे. नवऱ्याला फडात उभे राहावेच लागते, कारण मुकादमाची उचल फिटलेली नसते. फिर्याद झाली असेल तर परक्या जिल्ह्यातल्या ठाण्यात, कर्नाटकात असेल तर परक्या भाषेत. पंचनाम्याची नक्कल आणायला एक दिवस बुडवायचा म्हणजे एका दिवसाची तोड बुडवायची. टोळी गावी येते तेव्हा सहा महिन्यांतले बहुतेक दिवस संपलेले असतात. शिवाय कायमचे अपंगत्व किती टक्के, हा दाखला उपचार संपून हाड स्थिरावल्याशिवाय मिळत नाही. शरीर अजून सुधारते की बिघडते आहे हे डॉक्टरलाच कळलेले नसते, त्याआधी कायद्याचे घड्याळ बंद होते.

मुदतीच्या समर्थनासाठी न्यायालयांत एक जुने लॅटिन वचन फिरत असते. कायदा जागणाऱ्याच्या मदतीला येतो, हक्कांवर झोपून राहणाऱ्याच्या नाही, असा त्याचा अर्थ. मला हे वचन ऐकले की प्रश्न पडतो: झोपलेला म्हणजे नेमका कोण? ट्रॅक्शन लावून पाठीवर पडलेली बाई? घरात कुणालाच ‘दावा’ आणि ‘तक्रार’ यांतला फरक माहीत नाही ते कुटुंब? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांनी कागद वेळेत भरला नाही म्हणून त्यांना झोपाळू ठरवणे, हा मनूचा न्याय मुदत कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे. मुदत सगळ्यांना सारखी आहे, हे उत्तर मिळते. सारखीच आहे. पण ज्याच्या घरात वकील आहे, त्याला पहिल्या दिवशी फोनवर जी माहिती मिळते, तीच माहिती आपल्या माणसापर्यंत पोहोचायला पाच महिने लागतात.

आणि झोपण्याचाच हिशेब करायचा तर सरकारचाही करा. विलंबाकडे उदारपणे पाहावे, रोजच्या रोज उशिराचा खुलासा मागत बसू नये, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल वकील मंडळी तोंडपाठ म्हणतात. तो कुणाच्या उशिरासाठी दिला होता? काश्मीरमधल्या अनंतनागच्या भूसंपादनाचे ते प्रकरण. जमीन गेलेल्यांना भरपाई वाढवून मिळाली होती, त्याविरुद्ध अपील करायला सरकारनेच चार दिवस उशीर केला होता. तत्त्व चांगले आहे, त्याचा फायदा गरिबालाही होऊ शकतो. पण मुदत कायद्याचे कलम ५, ज्याखाली उशीर माफ होतो, ते अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. दाव्याला एक दिवस उशीर झाला तर कलम ३ म्हणते, समोरच्याने हरकत घेतली नसली तरी न्यायाधीशाने तो फेटाळलाच पाहिजे.

एकाच मोडलेल्या पायाला या देशात किती कॅलेंडरे आहेत, हेही एक प्रकरणच आहे. रेल्वेतून पडून मोडला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात एक वर्ष, सबळ कारण असेल तर उशीर माफ. कामावर मोडला तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली २०२५ पर्यंत दोन वर्षे होती, तिथेही कारण ऐकून घेतले जात असे. मुंबईत महापालिकेच्या उघड्या मॅनहोलमध्ये पाय जाऊन भाजीवालीचा मोडला, तर १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे कलम ५२७ आडवे येते. आधी नोटीस, मग एक महिना थांबणे, आणि तरीही दावा सहा महिन्यांच्या आत. राणीच्या राज्यात नगरपित्यांची तिजोरी सांभाळायला केलेली तरतूद अजून जिवंत आहे. कुठल्या दाराला किती दिवस, हे ठरवताना जखम किती खोल याचा विचार नाही. समोर पैसे द्यायला कोण उभा आहे, त्याचाच विचार दिसतो.

काही जखमांची तर तारीखच नसते. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरचे आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी फोडणाऱ्या कारखान्यांत जात. ती धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि तो दिसायला लागतो तोवर माणूस गावी परतलेला असतो. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, मालकाचे पूर्ण नावही माहीत नाही. १९२३ चा भरपाई कायदा म्हणत असे की आजारामुळे सलग गैरहजर राहिल्याचा पहिला दिवस हीच अपघाताची तारीख. ज्याची हजेरीच कुणी लिहिली नाही त्याने गैरहजेरी कशी सिद्ध करायची?

मुदत ही काही निसर्गनियम नाही. गटारात उतरवून मारलेल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी आदेश दिला की १९९३ पासून मेलेल्या प्रत्येकाचे कुटुंब शोधा आणि दहा लाख रुपये द्या. एकवीस वर्षे मागे जाऊन. कुटुंबाने अर्ज कधी केला हा प्रश्न नव्हता, शोधण्याची जबाबदारीच सरकारवर टाकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख झाली, आणि कायमचे अपंगत्व आलेल्यांसाठी किमान वीस लाख. २०१४ चा तो आदेश कलम ३२ खालच्या याचिकेत आला होता, ज्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले. अंमलबजावणी कशी रखडते ते वेगळे सांगायला नको. पण घड्याळ मागे फिरवता येते, एवढे त्या निकालाने दाखवले.

विमा कंपन्यांची बाजू आहे आणि ती पोकळ नाही: उशिरा आलेल्या दाव्यात साक्षीदार सापडत नाहीत, खोटे दावे होतात. खोटे दावे होतात, हे न्यायालयांनीही नोंदवले आहे. पण खोटा दावा करणाऱ्या टोळीचा वकील अपघाताच्या आधीपासून तयार असतो. त्याची मुदत कधीच चुकत नाही. चुकते ती खऱ्या जखमीची. पुराव्याची काळजी असेल तर उशिराचा दावा न्यायाधीशाने अधिक कसून तपासावा, त्याला आत येऊच न देणे कशासाठी? आणि ३०-३० वर्षांपूर्वीच्या गहाणखतांचे साक्षीदार बरे सापडतात.

मागणी म्हणून साध्या गोष्टी आहेत. १६६(३) रद्द करा, १९९४ ला जे सुचले ते २०१९ ला विसरलेल्यांना पुन्हा सुचू द्या. शारीरिक इजेच्या मूळ दाव्यालाही कलम ५ लागू करा. आजाराची मुदत निदान हातात पडल्यापासून मोजा. महापालिकांचे सहा महिन्यांचे कवच काढा. १६६(३) ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की ते आव्हान प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून अपघाताचे दावे फेटाळू नयेत. हा दिलासा आहे, पण तात्पुरता. सहा महिने उलटले म्हणून ज्यांनी कागद ट्रंकेत टाकून दिले असतील, त्यांना ही बातमी कोण सांगणार?

तुम्ही. घरातले पहिले पदवीधर असाल तर नात्यातला, वस्तीतला प्रत्येक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याकडेच येतो, मग तुमची पदवी बीएस्सीची का असेना. म्हणून एवढे लक्षात असू द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि पोलिसांकडून आलेला अपघाताचा अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा, असे कलम १६६(४) सांगते. ठाण्यात जाऊन तो पाठवला का, कधी पाठवला, हे लेखी विचारा आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. अपघात कर्नाटकात झाला तरी दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते. तिथला कारकून दाखला मागेल. त्याला कलम दाखवा.