माळावरची बिऱ्हाडे

पक्षी पाहण्याच्या छंदाला आधी दुर्बीण लागते, अशी एक समजूत आहे. खरे पाहता आधी लागते ते पहाटे उठणे. दुर्बीण उसनी मिळते, पहाट मिळत नाही.

दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी सारे घर उठतेच. तेव्हा उरलेला फराळ डब्यात घालून एका सकाळी मुलाबाळांसह पौड रस्त्याने निघावे. भूगाव, भुकूम मागे पडून घाट ओलांडला की पिरंगुट. कारखाने नि नव्या इमारती पुष्कळ. पण त्यांच्या मधूनमधून माळाचे तुकडे अजून आहेत. तारेवरून झेप घेऊन माशी टिपणारा आणि पुन्हा तारेवर येऊन बसणारा हिरवा पक्षी म्हणजे वेडा राघू. दुभंगल्या शेपटीचा काळाकुट्ट, कावळ्यालाही पिटाळून लावणारा तो कोतवाल. पाणवठ्याशी शेपटी वरखाली करीत पळणारा धोबी. हा हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आलेला पाहुणा. नावे ठेवण्यात आपण पटाईत खरेच. पण ही नावे ठेवणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता! मुलांना ती आधी सांगावीत, इंग्रजी मागाहून येतातच.

नुसते पाहून काय मिळते, असे कोणी विचारील. 1930 साली सालीम अली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईतली त्यांची नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीची घरटी न्याहाळत बसले. त्यांना दिसले ते असे: नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग तो ते पुरे करतो आणि लगोलग दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या बिऱ्हाडासाठी! तेव्हा ज्या सुगरणीचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक केले, तो बाप्या निघाला. (हा परिच्छेद यजमानांनी घरात मोठ्याने वाचू नये.)

पिरंगुटहून पुढे पौड, मुळशीचे धरण आणि मग 2013 साली जाहीर झालेले ताम्हिणी अभयारण्य. तिथल्या झाडीत सकाळच्या उन्हाला उंबराच्या शेंड्यावर आपला राज्यपक्षी हरियाल शोधावा. जरूर जावे. पण अभयारण्याला वनखात्याची राखण आहे, पिरंगुटच्या माळाला कोणाची? दलाल त्याला ‘मोकळी जागा’ म्हणतो. त्याच मोकळ्या जागेत उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते, खड्यांत खडा दिसावा अशी. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की फोटोचा मोह सोडून आल्या पावली मागे फिरावे. आपण उभे असेपर्यंत ती अंड्यांवर बसणार नाही.

5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर सालीम अलींचा. 2020 पासून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या निमित्ताने घरात एक वही घालावी: तारीख, जागा, पक्षी, किती दिसले. पुढच्या दिवाळीला त्याच माळावर पुन्हा जावे. टिटवी दिसली तर तसे लिहावे. कुंपण दिसले तर तेही.