वणवा विझविणाऱ्यांचा मान

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत बोटीवर स्फोट होऊन अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. दरवर्षीं त्या दिवशीं देशभर त्यांचें स्मरण होतें, तें योग्यच आहे. पण चिखलदऱ्याच्या रानांत शिमग्यापासून मृगापर्यंत सागाचा पाचोळा पेटतो, तेव्हां हिरव्या डहाळ्यांनीं झोडपून वर्षानुवर्षें वणवा विझविणाऱ्या कोरकू, गोंड, गवळी बांधवांस कोण स्मरतो? कौतुक वाघाचें, वाघाचें घर राखणाऱ्याचें नांव हंगामी मजुरांच्या हजेरीपटांतच राहतें. ज्याच्या हातांस फोड, त्याच्याच गळ्यांत हार, हा न्याय आम्हांस हवा. डॉ. आंबेडकरांची जयंतीही १४ एप्रिललाच येते. बंधूंनो, त्या सभेंत गांवच्या या सेवकांचीं नांवें मोठ्यानें वाचा, आणि हारासोबत त्यांच्या बारमाही मजुरीचीही मागणी करा.