विश्लेषण : पिकअपला मोठ्या गाडीचा एक्सल बसवला, म्हणजे ती जास्त भार वाहू शकते का?

सफाळे, केळवे, पालघर ते बोईसर या पट्ट्यातला बहुतेक माल आज पिकअपवर चालतो. पहाटेची भाजी, सातपाटीची मासळी, माहीम-केळव्याची पाने, वीटभट्टीच्या विटा, बांधकामाची रेती आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतले पिंप-पोती सगळे हीच गाडी वाहते. गाडी दीड टनाची आणि माल अडीच-तीन टनांचा, हे दृश्य कुणाला नवे नाही. आधी मागचे पाटे वाढतात, मग जाड टायर येतात. तेवढ्यानेही भागले नाही, की भंगारबाजारातून मोठ्या टेम्पोचा मागचा एक्सल हौजिंगसकट आणून बसवला जातो. ‘आता गाडी तीन टन आरामात खेचते,’ असे मालक सांगतो. खेचते हे खरे. पण खेचणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक्सल बदलल्याने नेमके काय होते?

बैलगाडीला जसा आस, तसा गाडीला एक्सल. मागच्या एक्सलकडे दोन कामे असतात. भार पेलायचा आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवायची. काही हलक्या गाड्यांत चाक थेट फिरणाऱ्या शाफ्टवर बसवलेले असते. म्हणजे तोच शाफ्ट फिरतो आणि तोच वजनही झेलतो. तो तुटला तर चाकच निखळू शकते. जड गाड्यांत वजन बाहेरच्या हौजिंगवर आणि हबच्या बेअरिंगवर असते, शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. तो तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, पण चाक निघून जात नाही. म्हणून मोठ्या गाडीचा एक्सल जास्त मजबूत, हे मेकॅनिकचे म्हणणे चुकीचे नाही.

अडचण पुढे आहे. गाडीची वहनक्षमता एकट्या एक्सलवर ठरत नाही. चासी, पाटे, पुढचा एक्सल, स्टिअरिंगचे सांधे, टायर, चाकांचे बोल्ट, क्लच आणि ब्रेक या सगळ्यांत जे सर्वांत कमकुवत, तेवढीच गाडीची ताकद. एक्सल वाढवला की तो तुटायचा थांबतो आणि ताण दुसऱ्या भागावर सरकतो. चासीला तडा जातो, टायर फुटतो, पुढचा भाग उचलल्यासारखा होऊन स्टिअरिंग हलके लागते. शिवाय दुसऱ्या गाडीच्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांचे प्रमाण वेगळे असते. मग गिअरचा मेळ बिघडतो आणि काही गाड्यांत वेगाचा काटाही खोटे दाखवू लागतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन जुळला नाही, तर क्रॉस पुन्हा पुन्हा जातात. गॅरेजवाले या तक्रारी सुट्या सुट्या दुरुस्त करत बसतात, मूळ कारण मात्र एकच असते.

ब्रेकचे काय?

खरा धोका इथे आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पुढच्या डिस्क आणि मागचे ड्रम हे सगळे कंपनीने एका ठरावीक वजनासाठी जुळवलेले असते. मोठ्या एक्सलबरोबर मोठे ड्रम आणि मोठे व्हील सिलिंडर येतात. जुन्या मास्टर सिलिंडरला त्यांना पुरेल इतके तेल ढकलता येत नाही, पेडल खोल जाते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जातो.

अनेक पिकअपमध्ये मागच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती खाली बसली, हे पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. रिकाम्या गाडीची मागची चाके घसरू नयेत, म्हणून त्याची योजना. पाटे वाढवले किंवा वेगळा एक्सल बसवला, की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. तो मागचा दाब कमीच ठेवतो. म्हणजे तीन टन माल मागे आणि ब्रेकचे जवळपास सगळे काम पुढच्या दोन चाकांवर!

सफाळ्याहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे वरईला निघताना तांदुळवाडी घाट लागतो. उतारावर गाडी जेवढी उंची उतरते, तिचा हिशेब कुठेतरी चुकता होतोच. काही भाग इंजिन घेते, उरलेला ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो. एकूण वजन ३.२ टनांऐवजी ४.७ टन झाले, तर जिरवायची उष्णता जवळपास दीडपट होते. लायनर तापले की पकड सुटते, तेल फार तापले तर पेडल पोकळ लागते. सपाट रस्त्यावर महिनोन् महिने काहीच होत नाही. त्यामुळे ‘दोन वर्षे चालवतोय, कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद ऐकायला ठीक वाटतो. वळणावर समोरून शाळेची रिक्षा येते त्या दिवसाबद्दल तो काहीच सांगत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ स्पष्ट आहे. कंपनीने मूळात दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला किंवा अपंग व्यक्तीसाठीच्या बदलाला परवानगीची वाट आहे. जास्त माल भरण्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा भाराला कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही.

इथे एक गैरसमज रुजला आहे. २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांच्या एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली होती. चार टायरच्या एका एक्सलसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. ‘सरकारनेच वाढवून दिले,’ असे त्यावरून पिकअपवालेही म्हणतात. पण ती कमाल मर्यादा होती, सरसकट परवाना नव्हे. आपल्या गाडीसाठी आरसीतला आकडाच लागू आणि एक्सल बदलला तरी तो बदलत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला किंवा कापायला हे आयते कारण मिळते. ज्याच्या डोक्यावर गाडीचे कर्ज आहे, त्याच्यासाठी हा फटका दंडापेक्षा मोठा ठरतो.

दोष एकट्या चालकाचा का?

नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. अर्धा ब्रास कोरडी रेतीसुद्धा सव्वादोन टनांच्या आसपास भरते, ओली असेल तर आणखी. वीट अडीच-तीन किलोची धरली, तर हजार विटा अडीच ते तीन टन होतात. बाजारात व्यवहार मात्र ‘अर्धा ब्रास’ आणि ‘हजार विटा’ असाच होतो, भाडे खेपेवर ठरते. दीड टनाच्या गाडीत ही मापे कायद्याने बसूच शकत नाहीत, हे माल भरणाऱ्याला ठाऊक असते. एक चालक नाही म्हणाला, तर मागे दुसरा उभा असतो. कलम १९४ गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणाऱ्यालाही लागू होते. तरीही कारवाई रस्त्यावर, चालकावर संपते. भट्टीच्या, रेतीच्या आणि कारखान्याच्या फाटकावर वजनाची पावती तपासली, तर मोठा एक्सल बसवण्याची गरजच उरणार नाही. परिवहन विभागाला यासाठी नवा कायदा नको, असलेला फाटकापर्यंत न्यायला हवा.

मालकाने काय करावे?

झिजलेला एक्सल त्याच मॉडेलच्या, त्याच क्षमतेच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे, त्यात गैर काही नाही. रोजचा माल खरोखर दोन टनांचा असेल, तर तेवढ्या क्षमतेची पिकअप बाजारात मिळते. त्याहून जड कामाला मोठा टेम्पो आहे. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्यामुळे मोठी गाडी घ्यायची तर परवाना आड येईल, ही भीतीही बऱ्याच अंशी गेली.

सेकंडहँड पिकअप घेताना आरसीतले एकूण वजन आणि रिकामे वजन पाहावे. फोनवरच्या एमपरिवहन अ‍ॅपवरही आरसी उघडता येते. मग रिकामी गाडी वजनकाट्यावर चढवावी. टाकीतले डिझेल सोडूनही काटा आरसीपेक्षा शंभर-दोनशे किलो जास्त दाखवत असेल, तर खाली वाकून पाटे मोजावेत आणि हौजिंग कोणत्या गाडीचे आहे, हे आपल्या मेकॅनिकला विचारावे.