अल-फाशर कुठे आहे?

२५ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एक याचिका फेटाळली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला गाझातल्या संहाराच्या निषेधार्थ आझाद मैदानावर सभा घ्यायची होती आणि पोलिसांनी परवानगी नाकारली होती. हजारो मैलांवरच्या प्रश्नाऐवजी आपल्या देशातला कचरा, प्रदूषण, गटारे, पूर यांकडे बघा, देशभक्त व्हा, असे याचिकाकर्त्यांना सुनावण्यात आले. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि सभा झाली. पण 'आधी घरचं बघा' हा सूर काही न्यायालयात जन्मलेला नाही. आमच्या कन्नडमध्ये बसस्टँडसमोर चहा पिताना तो कुणीही ऐकवतो, आणि आपण चिडून उठून जातो. चिडण्याने काय साधते? या सुराला उत्तर आहे आणि ते इथल्याच मातीत आहे.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना जो घाट लागतो त्याला आपण औट्रम घाट म्हणतो. हा औट्रम कोण? १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा कंपनी सरकारचा अधिकारी जेम्स औट्रम. १८५७ च्या आरंभी हाच माणूस इराणवरच्या मोहिमेचा सेनापती होता. पुढे मुंबई इलाख्याच्या एका जुन्या पलटणीला त्याचे नाव मिळाले, १२३ वी औट्रम्स रायफल्स. पहिल्या महायुद्धात ही पलटण पॅलेस्टिनमध्ये लढली आणि तिच्या युद्धसन्मानांत गाझाचे नाव आहे. इराकमध्ये कूत येथे १४७ दिवस वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेली सहावी डिव्हिजन तर 'पूना डिव्हिजन' होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. गोऱ्या साहेबाला आपली माणसे त्या वाळूत मरायला पाठवायची होती तेव्हा गाझा दूर नव्हते. तिथल्या मेलेल्यांबद्दल दोन शब्द बोलायचे म्हटले की ते दूर जाते!

जुने सोडा. पॅलेस्टिनी मजुरांना कामावर येऊ देणे बंद केल्यावर इस्रायलला बांधकाम मजूर कमी पडले. २०२४ साली आधी हरियाणा-उत्तर प्रदेशात भरती झाली आणि मग महाराष्ट्राचा नंबर लागला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पोटॅशचा भाव कडाडला, आणि मका, कापूस, अद्रक पिकवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला त्या युद्धाची बातमी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कळली. युद्ध आपल्या घरात येते, फक्त बातमीची पाटी लावून येत नाही.

हे झाले बाहेरच्यांसाठी. आता आपल्याकडे वळतो, कारण हा अंक आपल्या हातात आहे.

मोहल्ल्यातल्या दहावीच्या पोराला विचारा, रफा कुठे, खान युनिस कुठे, जबालिया कुठे. तो मोबाइल न बघता सांगेल. याचे मला कौतुकच आहे. मग त्याला विचारा, अल-फाशर कुठे आहे? त्यालाच कशाला, जुम्म्याच्या नमाजनंतर बाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही बुजुर्गाला विचारा.

अल-फाशर सुदानच्या दारफुर प्रांतात आहे. सुदानचे लष्कर आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज यांच्यात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध सुरू झाले. गाझाच्या युद्धाआधी सहा महिने! एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. शहराजवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. अल-फाशरला जवळपास दीड वर्ष वेढा होता. वेढ्यातली माणसे तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन जगत होती. आपण पेंड म्हशीला घालतो. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर आरएसएफच्या हाती पडले आणि कत्तल झाली. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांच्यासोबतचे नातलग मिळून ४६० हून अधिक मारले गेल्याच्या वृत्तावर जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र धक्का व्यक्त केला. मरणारे कलमा पढणारे, मारणारेही कलमा पढणारे.

आमच्याकडे त्या आठवड्यात किती मशिदींत दुआ झाली? कुठे मोर्चा निघाला? किती जणांनी स्टेटस ठेवला?

या शांततेचे कारण मला जे दिसते ते सांगतो. सुदानमध्ये शत्रू परधर्मी नाही, म्हणून आपला राग तिथे जाऊन बसायला जागा शोधत नाही. दुसरे कारण जास्त अडचणीचे आहे. आरएसएफला शस्त्रे पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे. अमिराती तो नाकारते, पण संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकाने जानेवारी २०२४ च्या अहवालात अशा आरोपांना विश्वासार्ह म्हटले. सुदान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तर ५ मे २०२५ रोजी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर प्रकरण बाद झाले. आणि आपली पोरे दुबई-शारजात कामाला आहेत. त्यांच्या पगारावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. कुणी नोकरी सोडून यावे असे मी म्हणत नाही. पण ज्या तोंडाने आपण जगाला दुटप्पी म्हणतो, त्या तोंडाने अल-फाशर हा शब्दही निघू नये?

गाझा तरी आपण नीट पाहतो का? पाहतो म्हणजे स्कोअर पाहतो. आज किती रणगाडे उडाले, किती रॉकेटे पडली. मराठी वाहिन्याही तेच दाखवतात, फक्त त्यांची टीम दुसरी. 'आर्मा-३' नावाच्या संगणकी खेळातली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून इतकी फिरली की ती बनवणाऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. सीरियातल्या जुन्या फोटोंतली मुले गाझाची म्हणून आपणच पुढे पाठवली. गाझात खरी मेलेली मुले कमी पडली होती काय? खोटा फोटो एकदा पकडला गेला की शेजारच्या माणसाला खऱ्याकडेही पाठ फिरवायची सवड मिळते. परदेशी पत्रकारांना इस्रायलने गाझात मोकळेपणाने फिरू दिले नाही. जे दिसले ते तिथल्याच पत्रकारांमुळे, आणि त्यांतले दोनशेहून अधिक २०२५ पर्यंत मारले गेले. त्यांनी जीव देऊन पाठवलेली बातमी आपण खेळातल्या चित्रांत मिसळून टाकतो, याला मी बेइमानी म्हणतो.

आकड्यांचेही तसेच. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांवर मृत्यू नोंदवले. या आकड्यात लढणारे आणि नागरिक वेगळे केलेले नाहीत. ढिगाऱ्याखाली सापडले नाहीत ते त्यात धरलेले नाहीत. दोन्ही गोष्टी सांगायच्या. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर झाला, तोही तज्ज्ञांनी निकष लावून. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली, हेही त्याच दमात सांगायचे. ते सांगितल्याने पॅलेस्टिनींची बाजू लंगडी पडते असे ज्याला वाटते, त्याचा त्या बाजूवरच विश्वास नाही. डिमोना, लोद, अश्दोदमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्रायली राहतात. त्यांच्या म्हाताऱ्या अजून मराठी बोलतात. भोंगा वाजला की त्याही तळघरात पळतात. त्यांच्याशी मराठीत भांडता येईल, त्यांच्या सरकारबद्दल जाब विचारता येईल. त्यासाठी आधी त्यांना माणसांत धरावे लागेल.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत खुपतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण सांगत आलो की आमची भाषा मराठी आहे. पण युद्ध आले की आपण उर्दू तकरीर आणि हिंदी रील ऐकतो, आपसांत फिरवतो, आपसांत रडतो. शेजारचे पाटील, वाणी, कांबळे यांना यातले काही कळत नाही, आणि मग ते आपल्याला समजून घेत नाहीत अशी तक्रारही आपलीच! त्यांच्या मोबाइलवर मराठीतून जे येते ते कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेले असते.

लिहायला विषय शोधायची गरज नाही. तीन तारखा देतो. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी युद्धविरामाच्या मागणीवर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी तशाच ठरावाच्या बाजूने मत दिले. १२ जून २०२५ रोजी १४९ देश बाजूने असताना पुन्हा तटस्थ राहिला. कन्नड औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात येते. डिसेंबरमध्ये जे योग्य होते ते दीड वर्षाने का बदलले, हा प्रश्न आपल्या खासदाराला साध्या मराठीत, सहीनिशी, पोस्टाने पाठवता येतो. आणि सुदानबद्दल भारताने अबू धाबीत काय शब्द काढला, हेही त्याच कागदावर खाली विचारता येते.