स्त्रीच्या हाती शस्त्र : निवड कोणाची, जबाबदारी कोणाची?

जिंतूर वा गंगाखेडच्या बाजूने येणारी रात्रीची एस. टी. परभणीच्या स्थानकात थांबते, तेव्हा तीतून उतरणाऱ्यांत पाळी संपवून आलेली एखादी परिचारिका असते, नोकरीच्या गावाहून परतणारी शिक्षिका असते, स्पर्धा परीक्षेसाठी शहरात खोली घेऊन राहणारी विद्यार्थिनी असते. स्थानकापासून घरापर्यंतचे अंतर पुरुषाच्या हिशेबी दहा मिनिटांचे. स्त्रीच्या हिशेबी ते मिनिटांत मोजले जात नाही. अशा स्त्रीने, नित्य जवळ बाळगता येईल असे लहान आणि भरवशाचे पिस्तूल कोणते, असे विचारले, तर तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला एक उत्तर खुद्द सरकारी कारखान्याने दिले होते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराने देश हादरला, आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. पॉइंट ३२ बोअर, सहा काडतुसे, टायटॅनियमच्या मिश्रधातूची बांधणी, वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या सुमारास देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे ८० हजार रुपये होते. म्हणजे सरासरी नागरिकाने दीड वर्षाची सारी कमाई मोजावी, तेव्हा निर्भयता हाती यावी! पुढे इच्छापूरच्या रायफल कारखान्याने पॉइंट २२ बोअरचे, सुमारे २५० ग्रॅम वजनाचे ‘निडर’ काढले आणि २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आले. नावे एकाहून एक धीट आहेत. परंतु शस्त्राची पारख नावावरून होत नसते.

ती कशावरून व्हावी? भारतीय नागरिकाची निवड मुळातच मर्यादित आहे. नऊ मिलिमीटरसारख्या सैन्याच्या व पोलिसांच्या वापरातील बोअरची शस्त्रे सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहेत, आणि विदेशी शस्त्रांची आयात सर्वसाधारण नागरिकासाठी १९८०च्या दशकापासून बंद आहे. उरतात ती मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ बोअरची देशी रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले. यांत पिस्तूल चपटे असल्याने लपविण्यास सोयीचे. परंतु काडतूस अडकले, तर वरचा सरकता भाग जोराने मागे ओढून ते काढावे लागते. दुसरा हात हल्लेखोराने धरलेला असताना हे कसे साधावे? रिव्हॉल्व्हर जाड असले तरी त्याची रचना साधी आहे. एक काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. नवख्या हातासाठी रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे, हा जुना अनुभव याच कारणाने टिकून आहे. तथापि त्याचा चाप जड असतो, आणि शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो. मूठ तळहातात नीट बसते काय, पहिले बोट चापापर्यंत सहज पोहोचते काय, चाप ओढताना नेम ढळतो काय, हे ज्या स्त्रीला ते वापरावयाचे आहे तिनेच हाती घेऊन पाहिले पाहिजे. तिच्या वतीने पतीने वा भावाने केलेली निवड ही निवडच नव्हे.

दुसरा प्रश्न ते ठेवावयाचे कोठे, हा. पर्समध्ये, असे सहज म्हटले जाते. पण झटापटीत पहिली हिसकावली जाते ती पर्सच. आणि किल्ल्या, औषधे, रुमाल यांच्या गर्दीतून शस्त्र शोधण्याइतका अवधी अशा प्रसंगी मिळत नाही. शस्त्र अंगावर, म्यानात असावे, हे खरे. पण साडी वा पंजाबी पोशाख करणाऱ्या स्त्रीला ते म्यान बांधावयाचे कोठे, याचा विचार शस्त्रे बनविणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. परभणीचा उन्हाळा, त्यातला घाम आणि धूळ ही पोलादाची वैरी आहेत. महिनोन्महिने न उघडलेले, तेलपाणी न केलेले शस्त्र ऐन वेळी दगा देते. भरवसा कारखान्यातून एकदाच विकत मिळत नाही. तो देखभालीने आणि सरावाने टिकवावा लागतो.

स्त्रीला हे झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी इतिहास पाहावा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्याच्याच दगडाबाई शेळके यांनी शस्त्र हाती धरले होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले. प्रश्न क्षमतेचा नाहीच. परंतु त्या पदकामागे वर्षानुवर्षांचा नित्य सराव होता, हेही विसरून चालणार नाही. पाथरीच्या वा पालमच्या शिक्षिकेने असा सराव कोठे आणि कोणत्या वेळी करावयाचा?

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून असे शस्त्र बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलिसांची चौकशी होते, आणि २०१६च्या नियमांनुसार शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण व ते सुरक्षित ठेवण्याची हमीही अपेक्षित आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने निःसंदिग्धपणे मान्य केला आहे. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाल्यास हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो जातो. पूर्वी भारतीय दंडसंहितेत असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. ही आवश्यकता स्त्रीला क्षणार्धात ठरवावी लागते. न्यायालयात तिचा कीस वर्षानुवर्षे पाडला जातो.

याहूनही मूलभूत असा मुद्दा निराळाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे आढळले. भय अंधाऱ्या रस्त्याचे वाटते. धोका बहुधा उजेडात, घरात वा ओळखीच्या दारात असतो. तेथे कपाटातले पिस्तूल कोणाच्या हाती लागेल? अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतील घटनांचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष काढला, की अत्याचारी जोडीदारास बंदूक उपलब्ध असेल तर स्त्रीची हत्या होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. स्त्रीसाठी घेतलेले शस्त्र घरात स्त्रीचेच राहील, याची हमी कोणताही परवाना देत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर सुरक्षितता ही रस्त्यावरच्या दिव्यासारखी सार्वजनिक वस्तू आहे. दिवा लागला की तो सर्वांसाठी उजळतो. त्याखालून जाणाऱ्या एकीमुळे दुसरीचा उजेड कमी होत नाही. पिस्तूल ही खासगी वस्तू आहे. ज्या घरी लाखभर रुपये आहेत तेथेच ती जाते, आणि मोलकरीण, ऊसतोड मजूर स्त्री, वसतिगृहातली मुलगी यांच्या वाट्याला काळोख तसाच राहतो. शासनाने सार्वजनिक कर्तव्य अर्धवट सोडावे आणि त्याच्याच कारखान्याने त्याचा पर्याय दुकानात विकावा, ही विसंगती ‘निर्भीक’च्या जाहिरातीने झाकली जाणारी नाही.

म्हणून ज्या स्त्रीच्या जिवाला खरोखर धोका आहे, साक्ष दिल्याने, तक्रार केल्याने वा सोडून दिलेल्या नवऱ्याच्या धमक्यांमुळे, तिचा अर्ज ‘बाईमाणसाला कशाला बंदूक’ या शेऱ्याने कुजत ठेवू नये. तिला परवान्याबरोबर प्रशिक्षणही मिळाले पाहिजे. पण इतर असंख्य स्त्रियांसाठी मागणी निराळी हवी : शेवटच्या गाडीच्या वेळी स्थानकावर पोलीस, वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर पेटता दिवा, ११२ या क्रमांकावर केलेल्या हाकेला तत्काळ ओ, आणि ठाण्यात गेल्यावर तक्रार लिहून घेणारा हात. यांपैकी एकही गोष्ट पर्समध्ये मावत नाही. त्या नगरपालिकेकडून, पोलिसांकडून आणि शासनाकडून वसूल कराव्या लागतात. आणि ती वसुली एकट्या स्त्रीने नव्हे, साऱ्या गावाने करावयाची असते.