सहा टक्के मात्रा, पाच किलो तांदूळ
टाटा मेमोरियलच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगावर निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के, इतर गोळ्यांच्या जोडीला दिले गेले. वर्षभर तग धरणाऱ्यांचे प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेले. मात्रा घटवून पाहण्याची हौस औषधकंपन्यांना कशाला असेल?

असाच स्वस्त उपाय झारखंडमधल्या एका चाचणीतही तपासला गेला: क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. त्यांच्यातील नवा क्षय सुमारे 39 टक्क्यांनी घटला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साध्या ॲसेटिक ॲसिडने केलेल्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष 2013 चा! राज्यातल्या बहुतेक स्त्रियांपर्यंत ही तपासणी अजून पोचलेली नाही. आरोग्य खात्याने त्याचा जाब द्यावा.