स्वदेशी गाडी कोणती? नाव पाहायचं की घाम?

दहावीच्या वर्गात आम्ही आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवत होतो. आयात, निर्यात, व्यापारतोल हे शब्द फळ्यावर लिहून झाले, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, आमच्या अब्बूंनी मारुती घेतली. ती आपली की जपानची?" वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "मग टाटाचीच घ्यायला पाहिजे होती." तिसरा मुलगा गॅरेजवाल्या मिस्त्रींचा. तो म्हणाला, "कोणाचीही असू दे सर, बिघडली की आमच्याच गॅरेजला येते."

तास संपला, पण प्रश्न संपला नाही. गेल्या वर्षभरात स्वदेशीची हाक मोठ्यानं दिली गेली आणि त्याच काळात परदेशी गाड्यांसाठी दारही उघडायला सुरुवात झाली. गोंदियाच्या साध्या कुटुंबानं यातून काय समजायचं? थोडं नीट पाहू या.

गेल्या वर्षी काय घडलं?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या सर्व मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. आधी तिथं अवघं अडीच टक्के शुल्क होतं. मे महिन्यात गाड्यांच्या सुट्या भागांवरही शुल्क आलं. आपल्याकडून अमेरिकेत तयार गाड्या फारशा जात नाहीत, पण सुट्या भागांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकाच आहे. ऑगस्टमध्ये आपल्या इतर मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढलं. त्याच सुमारास आपल्या देशात स्वदेशीचं आवाहन सुरू झालं.

दुसऱ्या बाजूला २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी करारावर बोलणी पूर्ण झाली. युरोपच्या गाड्यांवर आज ११० टक्क्यांपर्यंत असलेलं शुल्क टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर येणार आहे, वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत. ब्रिटनच्या गाड्यांसाठीही ठरावीक संख्येपुरतं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे.

हा हिशेब आम्ही मुलांना असा सांगितला. बंदरावर २० लाखांना पडलेली गाडी ११० टक्के शुल्क लागलं की ४२ लाखांची होते. १० टक्के लागलं तर २२ लाखांची. जीएसटी आणि बाकीचे खर्च वेगळे. म्हणजे एका सहीनं वीस लाखांचा फरक पडतो. तो फरक कोणाच्या खिशात जातो आणि कोणाच्या खिशातून, हाच व्यापाराच्या तोलाचा प्रश्न आहे.

पारडं कुठे जड, कुठे हलकं?

गाड्यांच्या बाबतीत आपण अगदीच दुबळे आहोत, असा समज असेल तर तो खरा नाही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि ७ लाख ७० हजार गाड्या परदेशी गेल्या. भारतात तयार झालेल्या सुझुकीच्या गाड्या आता खुद्द जपानमध्ये विकल्या जातात. सुट्या भागांची निर्यात त्या वर्षी जवळपास २३ अब्ज डॉलरची होती आणि आयातही जवळजवळ तेवढीच.

खरा खड्डा दुसरीकडे आहे. २०२४-२५ मध्ये चीनशी आपल्या व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. गोंदिया स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या ई-रिक्षांकडे बघा. सांगाडा इथं जोडलेला, चालक आपल्या मोहल्ल्यातला, पण मोटर आणि कंट्रोलर बहुतेक वेळा चीनमधून आलेले. एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक मोटरला हे चुंबक लागतात. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोला जाहीर सांगावं लागलं की चुंबक मिळाले नाहीत तर इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन थांबू शकतं. म्हणजे बोनेटवरचं नाव शंभर टक्के देशी असलं, तरी आतल्या तळहाताएवढ्या तुकड्यासाठी कारखाना अडतो. हा असमतोल ग्राहकाच्या निष्ठेनं भरून निघत नाही. त्याला संशोधन, खनिज प्रक्रिया आणि कुशल हात लागतात.

मग स्वदेशी म्हणायचं कशाला?

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडलं. गाडीची किंमत सुमारे ६० लाख. अमेरिकेत तीच गाडी ४५ हजार डॉलरच्या, म्हणजे ३८-३९ लाखांच्या घरात मिळत होती. कंपनी अमेरिकेची, पण मुंबईत आलेल्या गाड्या बनल्या शांघायमध्ये. उलट रेंज रोव्हर बनते ब्रिटनमध्ये, पण तिची कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची. मारुतीत निम्म्याहून जास्त हिस्सा जपानच्या सुझुकीचा, पण गाडी बनते हरियाणा आणि गुजरातमध्ये. मर्सिडीज जर्मनीची, पण आपल्याकडे विकली जाणारी बहुतेक मॉडेल्स पुण्याजवळच्या चाकणला जोडली जातात.

आता सांगा, यातली स्वदेशी कोणती?

२६ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमध्ये सुझुकीच्या कारखान्यात बोलताना पंतप्रधानांनी स्वतः व्याख्या केली. पैसा कोणाचाही लागो, घाम आपल्या देशवासीयांचा असला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ही व्याख्या आम्हाला मान्य आहे. मात्र एकदा मान्य केली की ती सगळीकडे लावावी लागेल, हे लक्षात ठेवू या. पुढे तिचं काम पडणार आहे.

घामाच्या मापानं पाहिलं तर युरोप करारात काळजीचा मुद्दा चाकणचा आहे. बाहेरून तयार गाडी आणली की भारी शुल्क आणि सुटे भाग आणून इथं जोडले की कमी शुल्क, या फरकामुळेच परदेशी कंपन्यांनी महाराष्ट्रात कारखाने टाकले. भिंत खाली आली तर इथं जोडण्याचं कारण कमी होतं. उद्याच सगळं बंद पडेल असं नाही. गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, सुट्या भागांवरचं शुल्कही पाच ते दहा वर्षांत जाणार आहे आणि कराराला युरोपच्या संसदेची मंजुरी लागते. पण विदर्भातली किती पोरं आयटीआय करून पुणे-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या कामाची हमी कोण देणार, हा प्रश्न आमदार-खासदारांना विचारायला हवा. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारून उपयोग नाही.

निष्ठेची दुसरी बाजू

देशी मालावर प्रेम असणं चांगलंच. पण ते प्रेम द्वेषाच्या हाती लागलं की काय होतं, हे अमेरिकेच्या डेट्रॉइट शहरानं पाहिलं आहे. १९८० च्या सुमारास कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांनी तिथली बाजारपेठ काबीज केली आणि अमेरिकी कारखान्यांतले हजारो कामगार घरी बसले. १९८१ मध्ये जपानला आपल्या गाड्यांची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखावी लागली. कंपन्यांनी मार्ग काढला. होंडानं १९८२ मध्ये ओहायो राज्यातच गाड्या बनवायला सुरुवात केली. कंपन्यांचं असं निभावून गेलं.

माणसाचं मात्र निभावलं नाही. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला गाडी उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असा राग त्यांनी त्याच्यावर काढल्याचं साक्षीत आलं. चिन जपानी नव्हता. तो चिनी वंशाचा अमेरिकी नागरिक होता आणि काही दिवसांवर त्याचं लग्न होतं. दोघांना तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षांची देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड, एवढ्यावर सुटले.

व्यापाराचा तोल बिघडला होता तो दोन देशांच्या धोरणांत आणि कंपन्यांच्या चुकांत. शिक्षा मिळाली चेहऱ्यावरून ओळखलेल्या शेजाऱ्याला.

हे आपल्याला दूरचं वाटू नये. मार्च २०२५ मध्ये आपल्याच राज्यात मटणाच्या दुकानांसाठी विक्रेत्याच्या धर्मावर आधारलेलं 'मल्हार' प्रमाणपत्र सुरू करण्यात आलं. सणासुदीला मोबाइलवर निरोप फिरतात, अमक्याकडून फळं घेऊ नका, तमक्याकडून गाडी दुरुस्त करू नका. आता घामाची व्याख्या लावून बघा. भर उन्हात गाडीखाली आडवा पडून गिअरबॉक्स उतरवणारा आपला मिस्त्री, टायर पंक्चर काढणारा, सीटकव्हर शिवणारा, डेंटिंग-पेंटिंग करणारा, यांचा घाम कोणत्या देशाचा?

इन्साफानं बोलायचं तर आपल्याकडेही सगळं ठीक नाही. गाझाच्या युद्धानंतर बहिष्काराच्या याद्या आपल्याही मोबाइलवर फिरल्या. जुलूमाविरुद्ध आपला पैसा रोखणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पण कंपनी खरोखर कशात सामील आहे हे न तपासता यादी पुढे ढकलली, तर नुकसान होतं ते त्या दुकानात काम करणाऱ्या आपल्याच पोराचं. खबर आधी पारखून घ्या, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं आहे.

आपला वारसा कोणता?

स्वदेशी हा काही आपल्यावर बाहेरून लादलेला शब्द नाही. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी मुंबईच्या परळ भागात परदेशी कापडाची होळी पेटवली, ती उमर सोबानी या मुस्लिम गिरणीमालकाच्या आवारात. मौलाना हसरत मोहानी यांनी तर अलीगढला स्वदेशी मालाचं दुकान थाटलं होतं.

आणि गाड्यांचंच म्हणाल तर आज जिला आपण अस्सल देशी म्हणतो, त्या महिंद्रा कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. महिंद्रा बंधूंसोबत मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. ते गेले, पण आपले आजे-पणजे इथंच राहिले. आज त्याच कंपनीचे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत बनलेले ट्रॅक्टर आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांत चालतात. चालवणारा, दुरुस्त करणारा, त्यावर पोट भरणारा प्रत्येक धर्माचा आहे.

धानवाल्याला हाच नियम का नाही?

एक गोष्ट गोंदियाच्या माणसानं विचारलीच पाहिजे. गाडी कंपन्यांना वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या शुल्काचं संरक्षण मिळालं. आपला जिल्हा धानाचा आणि राइस मिलचा. आपल्याला काय मिळालं? जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद झाली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क लागलं. हे निर्बंध उठायला २०२४ चा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. देशात भाव वाढू नयेत हे कारण खोटं नव्हतं, गरिबाच्या ताटाचा विचार करायलाच हवा. पण कारखानदाराचा माल बाहेरच्या स्पर्धेपासून वाचवायचा आणि शेतकऱ्याचा माल बाहेर जाण्यापासून अडवायचा, तर दोन्ही वेळा किंमत सामान्य माणूसच देतो. महाग गाडी घेणाराही तोच आणि स्वस्तात धान विकणाराही तोच. ग्राहकाकडून निष्ठा मागणाऱ्यांनी उत्पादकाशी निष्ठा दाखवली का, हा हिशेबही फळ्यावर मांडला पाहिजे.

घरात काय ठरवायचं?

गाडी घेताना आम्ही तीन गोष्टी विचारू असं सुचवतो. पहिली, ती कुठे बनली आणि तिचे सुटे भाग इथं मिळतात का. दुसरी, ती गोंदियातच दुरुस्त होते का, की दर वेळी नागपूर गाठावं लागेल. तिसरी आणि सगळ्यात मोठी, ती आपल्या गरजेची आहे की लग्नात मिरवण्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला म्हणून व्याजाच्या कर्जात उडी मारायची, यात ना देशसेवा आहे, ना घराची सेवा.

आणि गॅरेजवाल्या भावांना एक विनंती. इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत, त्यांना ना कार्बोरेटर, ना क्लच प्लेट. मुलाला शाळेतून काढून हाताखाली घेण्याऐवजी आधी दहावी-बारावी होऊ द्या, मग आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचं काम शिकू द्या. मोटर खोलून पुन्हा चालू करणारे हात वाढले, तर चीनवरची भिस्त खालपासून कमी व्हायला लागेल.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "तुझ्या अब्बूंच्या मारुतीत भांडवल जपानचं आहे, मेहनत आपल्या देशाची आहे. तिची निगा राखणारा तुझ्या शेजारच्या बाकावर बसला आहे." मिस्त्रींचा मुलगा मान खाली घालून हसला. त्याच्या बोटांना अजून ग्रीस होतं.